डिशवॉशरची पावडर: आधी पाणी ओळखा, मग पाकीट निवडा

घरात माणसं दोन, फार तर तीन. मुलं पुण्याला नाहीतर त्याहून लांब. भांड्यांना येणाऱ्या मावशींचंही वय झालेलं. अशा घरांत आता डिशवॉशर येऊ लागला आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या बायकांची ये-जा थांबली तेव्हा या यंत्राची मागणी देशभर वाढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा पैशांसाठी थांबलेल्या कुटुंबांचाही विचार पक्का होऊ लागला. अहिल्यानगरच्या सावेडी-केडगावात, संगमनेरात, श्रीरामपुरात आता शेजारीपाजारी चौकशी होते ती यंत्राची कमी आणि पावडरीची जास्त. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, पावडर मात्र वर्षानुवर्षं घ्यावी लागते. म्हणून प्रश्न येतो, "परवडणारी आणि चांगली पावडर कोणती?"

या प्रश्नाला एका कंपनीचं नाव हे उत्तर असू शकत नाही, कारण एकाच तालुक्यातल्या दोन घरांचं उत्तर वेगळं निघतं. आमच्या दोघांच्या घरात पहिले चार महिने काचेचे पेले पांढुरके निघायचे. मी पावडर बदलली, मग महागड्या टॅब्लेट आणल्या, मग त्याहून महागड्या. पेले तसेच. शेवटी यंत्राची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली तेव्हा कळलं, की दोष पावडरीचा नव्हताच. आमचं पाणी बोअरचं आणि यंत्रातला, पाणी मृदू करणाऱ्या मिठाचा कप्पा रिकामा. मीठ भरलं, पाण्याच्या जडपणाचा आकडा यंत्रात बरोबर लावला, आणि पहिल्यांदा आणलेली साधी पावडरच पुरेशी ठरली. चार महिन्यांत वाया गेलेल्या पैशांनी शिकवलेली गोष्ट एकच आहे: पावडरीची निवड दुकानात नव्हे, आपल्या नळाशी सुरू होते.

आपल्या जिल्ह्यातलं पाणी

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, आणि पाण्याच्या बाबतीत एकाच जिल्ह्यात अनेक जिल्हे सामावलेले. अकोले तालुक्याच्या डोंगरात धो धो पाऊस, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. या खडकाच्या भेगांतून झिरपत गेलेलं पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवत जातं. म्हणून विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बोअर जितकी खोल आणि उन्हाळा जितका कडक, तितका जडपणा वाढण्याची शक्यता जास्त.

धरणाचं पाणी मुख्यतः पावसाचं, जमिनीवरून वाहत आलेलं. त्याला खडकात मुरून राहायला वेळ मिळालेला नसतो, त्यामुळे ते साधारणपणे बोअरपेक्षा हलकं असतं. अहिल्यानगर शहराला राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणाचं पाणी मिळतं. प्रवरेच्या काठाला १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं. पण शहरातल्या पुष्कळ सोसायट्यांत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडतात. म्हणजे जानेवारीतलं पाणी आणि मे महिन्यातलं पाणी एकच नव्हे. जानेवारीत छान धुणारी पावडर मेमध्ये "बिघडली" असं वाटतं, ते यामुळे. पावडर तीच असते, टाकीतलं पाणी बदललेलं असतं.

पाणी जड आहे हे कसं ओळखायचं?

आपल्या आजीला हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नव्हती. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केस चिकट राहतात, ते जड. बंबाच्या आतून, गिझरच्या कॉइलवर, सोलरच्या नळीत पांढरा थर धरतो, ते जड.

घरी खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. झाकणाच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचं किंवा स्वच्छ धरलेलं पावसाचं पाणी, दुसरीत डिशवॉशरला येणारं पाणी, दोन्ही अर्ध्यापर्यंत. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाका, विरघळू द्या आणि जोरात हलवा. पहिलीत फेस उभा राहील. दुसरीत फेस बसला आणि पाणी दुधाळ होऊन वर साय धरली, तर पाणी जड आहे. ही परीक्षा भांड्यांच्या लिक्विडने करू नका. ते जड पाण्यातही फेसाळतं, त्यामुळे काही कळत नाही.

पण यंत्रात लावायला आकडाच लागतो, आणि तो पाणी तपासणी प्रयोगशाळेतून मिळतो. अहवालात "एकूण कठीणपणा" असा (म्हणजे जडपणाचा) रकाना असतो, लिटरला अमुक मिलिग्रॅम असा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचा आकडा स्वीकारार्ह धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीही डिशवॉशरसाठी फार जड असू शकतं. ६० च्या आतलं पाणी मृदू, १२० च्या वर जड आणि १८० च्या वर अतिजड, असं ढोबळ वर्गीकरण आहे. यंत्राच्या पुस्तिकेत बहुधा जर्मन अंश दिलेले असतात. अहवालातल्या आकड्याला १८ ने भागलं की साधारण तो अंश मिळतो. ४५० आला असेल तर २५ अंश. हा अहवाल उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा काढला, तर वर्षभराचा अंदाज येतो.

पाकिटात काय असतं?

पाकिटावर चमकणारे पेले छापलेले असतात. आपण बाजू उलटून घटक वाचायचे. प्रत्येक घटकाचं काम कळलं, की किंमत कशासाठी देतोय हेही कळतं.

पहिला घटक अल्कली, म्हणजे मुख्यतः धुण्याचा सोडा. तेलकट कट, तूप, मासवडीच्या रश्श्याची तर्री सुटी करतो तो हाच. आपल्याकडे चुलीतल्या राखेने भांडी घासत, त्यामागेही हेच तत्त्व होतं. लाकडाच्या राखेत अल्कली असते. दुसरा घटक विकरे, पाकिटावर एन्झाइम लिहिलेलं असतं. ॲमायलेज भाताची पेज, भाकरीचं पीठ, शेंगोळ्यांचा घट्ट रस असा पिष्टमय थर तोडतं. प्रोटिएज डाळ, दूध, अंडं यांतल्या प्रथिनांचा. आपल्या जेवणात हे दोन्ही थर रोजचे आहेत, म्हणून ही दोन्ही विकरे असलेली पावडर घ्यावी. नुसत्या सोड्यावर भागवणारं स्वस्त पाकीट इथे मार खातं: तेल जातं, पण पातेल्याच्या तळाला आमटीचा पापुद्रा तसाच राहतो.

तिसरा घटक ऑक्सिजन सोडणारा विरंजक, बहुतेक वेळा सोडियम परकार्बोनेट. चहाचे डाग तो काढतो. हळदीचं मात्र वेगळं आहे. हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. अल्कलीने हळदीचा रंग लालसर होतो, तीच गोष्ट यंत्रातही घडते. म्हणून प्लास्टिकचा डबा धुतल्यावर नारिंगी दिसला तर पावडरीला दोष देऊ नका. तो डबा दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, हा जुना उपाय कुठल्याही महागड्या टॅब्लेटपेक्षा चांगला आहे.

चौथा घटक पाण्यातल्या क्षारांना धरून ठेवणारा: सायट्रेट, पॉलिमर, फॉस्फोनेट किंवा जुन्या पद्धतीत फॉस्फेट. फॉस्फेटने भांडी छान निघतात, पण ते सांडपाण्यातून तळ्यात-नदीत गेलं की शेवाळ माजतं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली, ती यासाठीच. पाकिटावर "फॉस्फेटविरहित" असेल तर ते घ्यावं. सिलिकेट हा आणखी एक कामाचा घटक. काच आणि धातू झिजू नयेत म्हणून तो घालतात. सुगंध, रंग, चमकते मणी यांनी भांडं स्वच्छ होत नाही. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

पावडर की टॅब्लेट?

टॅब्लेटची सोय खरी आहे. माप घ्यायला नको, सांडायला नको. हात थरथरणाऱ्या किंवा दृष्टी कमी झालेल्या माणसासाठी तर ती मोठीच सोय आहे, आणि तिथे दोन पैसे जास्त गेले तरी बिघडत नाही. पण लहान कुटुंबाला टॅब्लेटची एक अडचण होते. टॅब्लेटचं माप ठरलेलं असतं, ते बारा-चौदा जणांच्या भरलेल्या यंत्रासाठी. दोघांच्या घरात लहान यंत्र असेल, किंवा मोठं यंत्र अर्धंच भरून लावलं, तरी टॅब्लेट पूर्णच जाते. दाबून केलेली कोरडी टॅब्लेट सुरीने अर्धी करता येते, पण पातळ आवरणात द्रव भरलेली कापता येत नाही. शिवाय अर्ध्या तासाच्या झटपट फेरीत टॅब्लेट कधी कधी पुरती विरघळत नाही आणि तिचा चिकट गोळा कप्प्यात राहतो.

पावडरीचं माप आपल्या हातात असतं. नुसत्या ताटल्या, वाट्या, चहाचे कप असतील तर १५ ग्रॅम पुरतात. सणाचा स्वयंपाक, तुपातली कढई, पुरणाचं पातेलं असेल तर २५ ग्रॅम. यंत्राच्या कप्प्यात बहुधा अशा मापाच्या खुणा असतातच. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर २० ग्रॅम पावडर मोजा आणि ती आपल्या कुठल्या चमच्यात किती बसते ते बघून ठेवा. तो चमचा पावडरीच्या पाकिटाला बांधून टाका. अंदाजाने ओतलेली पावडर बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच जाते.

पाण्याप्रमाणे निवड अशी करता येईल. पाणी हलकं किंवा मध्यम असेल आणि यंत्र रोज भरून लागत असेल, तर "ऑल-इन-वन" टॅब्लेट सोयीच्या. अशा टॅब्लेट साधारण २१ जर्मन अंशांपर्यंत, म्हणजे लिटरला ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास, वेगळ्या मिठाशिवाय चालतात, असं अनेक पाकिटांवर लिहिलेलं असतं. त्याच्या वर पाणी गेलं की "सगळं एकात" हे वचन पुरं पडत नाही. तिथे मीठ भरावंच लागतं. मग ज्या मिठाच्या कामाचे पैसे टॅब्लेटमध्ये मोजले, तेच पुन्हा मिठासाठी मोजायचे, हे परवडत नाही. म्हणून बोअरचं पाणी असलेल्या दोन-तीन माणसांच्या घराला माझा सल्ला सरळ आहे: साधी, विकरे असलेली पावडर, वेगळं मीठ, वेगळं रिन्स एड, म्हणजे शेवटच्या विसळणीत सुटणारं द्रव.

हिशेब एका फेरीचा करा

पाकिटाची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवू नये. किलोची किंमतही पुरेशी नाही. एका फेरीला किती रुपये पडले, हा खरा भाव. खालचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत. त्यांच्या जागी तुमच्या दुकानातले भाव घाला.

समजा, एक किलो पावडर ४०० रुपयांना मिळाली. फेरीला २० ग्रॅम धरले तर ५० फेऱ्या होतात. फेरीला ८ रुपये. दोन किलो मीठ २४० रुपयांना आणि एक किलो मीठ ४० फेऱ्यांना पुरलं, तर फेरीला ३ रुपये. अर्धा लिटर रिन्स एड ३५० रुपयांना आणि फेरीला साडेतीन मिलिलिटर, म्हणजे सुमारे १४३ फेऱ्या; फेरीला जवळपास अडीच रुपये. एकूण साडेतेरा रुपये. दुसरीकडे ३० टॅब्लेट ५४० रुपयांना, म्हणजे फेरीला १८ रुपये. पाणी जड असेल तर त्यावर मीठ आणि रिन्स एडचे साडेपाच रुपये आणखी चढतात, साडेतेवीस झाले.

आता वर्षाचा हिशेब करा. दोघांच्या घरात आठवड्याला पाच फेऱ्या धरल्या तर वर्षाला २६०. पावडरीचा खर्च ३,५१० रुपये, नुसत्या टॅब्लेटचा ४,६८०. फरक १,१७० रुपयांचा. पण यंत्र पूर्ण न भरता रोज लावलं तर फेऱ्या ३६५ होतात, आणि त्या १०५ जादा फेऱ्यांना पावडरीनेही १,४१७ रुपये जातात. म्हणजे टॅब्लेटऐवजी पावडर घेऊन वाचतील त्याहून जास्त पैसे यंत्र भरेपर्यंत थांबल्याने वाचतात. वीज आणि पाणी वाचतं ते वेगळंच. एका फेरीला साधारण दहा-बारा लिटर पाणी लागतं, आणि आपल्या जिल्ह्यात मे महिन्यातल्या दहा लिटरची किंमत कोणाला सांगावी लागत नाही.

दुकानात गेल्यावर पाकिटावर चार गोष्टी बघा: निव्वळ वजन, निर्मितीचा महिना, एकक विक्री किंमत आणि एका फेरीचं सुचवलेलं माप. एकक विक्री किंमत म्हणजे ग्रॅमला किंवा नगाला पडणारा भाव. तो छापणं आता बंधनकारक आहे, त्यामुळे दोन पाकिटांची तुलना उभ्या उभ्या होते. पण दोन पावडरींचं सुचवलेलं माप वेगळं असेल तर ग्रॅमचा भाव फसवतो. ज्या पावडरीचे १५ ग्रॅम पुरतात, ती ग्रॅमला महाग असूनही फेरीला स्वस्त पडू शकते. फिनिश, विम मॅटिक यांसारखी नावं मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, यंत्र बनवणाऱ्या काही कंपन्यांची स्वतःची पावडरही असते. कुठलंही नाव घ्या, कसोटी हीच लावा. वजन किंवा किंमत यांबाबत फसवणूक झाली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पावती मात्र जपून ठेवा.

मीठ आणि रिन्स एड: काटकसर कुठे करू नये

यंत्राच्या तळाशी पाणी मृदू करणारी एक कुपी असते. तिच्यातले रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार होतात. म्हणजे मीठ भांड्यांवर जात नाही, ते या मण्यांसाठी असतं. इथे खायचं बारीक मीठ वापरू नये. त्यात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात. किराणा दुकानातलं खडे मीठही नको. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि थोडी कचकच असते. म्हणजे जे काढायचं, तेच आपण आत भरतो. डिशवॉशरचं शुद्ध दाणेदार मीठच घ्यावं, पण त्यात महागडा ब्रँड शोधायची गरज नाही. शुद्ध असलं म्हणजे झालं.

पहिल्यांदा मीठ भरताना कप्प्यात आधी पाणी भरावं लागतं, नंतर नाही. मीठ भरलं की लगेच एक फेरी लावा, म्हणजे बाहेर सांडलेलं खारं पाणी धुऊन जाईल आणि स्टीलला गंज धरणार नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जडपणाचा आकडा यंत्रात लावा. तो कमी लावला तर पेले पांढरे होतात, जास्त लावला तर मीठ फुकट जातं.

रिन्स एड शेवटच्या विसळणीत सुटतं आणि पाण्याचा ताण कमी करतं. पाणी थेंब होऊन न थांबता ओघळून जातं. त्याचा आकडा आधी मधला ठेवा. भांड्यांवर निळसर रेघा दिसल्या तर कमी करा, थेंबांचे डाग दिसले तर वाढवा. त्याऐवजी व्हिनेगर ओतण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण आम्ल रोज लागलं तर रबरी भाग खराब होण्याची भीती असते. ते टाळावं.

पेल्यावरचा पांढरेपणा कशाचा, हे कळायला लिंबाची फोड घासून बघा. डाग गेला तर तो क्षारांचा. मीठ, आकडा, रिन्स एड तपासा. गेला नाही तर काच झिजली आहे. हलक्या पाण्यात गरजेपेक्षा जास्त पावडर आणि फार गरम फेरी यांनी असं होतं. तिथे पावडर वाढवायची नाही, कमी करायची.

घरगुती मिश्रणं आणि न चालणारी भांडी

सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करून पावडर घरीच करावी, असं सांगणारे बरेच भेटतात. सोडा अल्कली, लिंबूसत्त्व आम्ल. ओलावा लागला की दोघं एकमेकांशीच झगडतात, फेसाळतात, आणि डब्यात दगडासारखा गोळा उरतो. शिवाय त्यात विकरे नाहीत. खाण्याचा सोडा तर फारच सौम्य. लिंबूसत्त्वाचा खरा उपयोग वेगळा आहे: महिन्या-दीड महिन्याने रिकाम्या यंत्रात, पुस्तिकेला मान्य असेल तर, ते घालून एक गरम फेरी लावली की आतला क्षारांचा थर निघतो. भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर किंवा रिठ्याचं पाणी यंत्रात कधीही घालू नका. फेस दाराबाहेर येतो आणि भांडी धुतलीही जात नाहीत.

काही भांडी यंत्रात घातली तर कितीही चांगल्या पावडरीने नुकसानच होईल. ॲल्युमिनियमचा कुकर आणि इडलीपात्र अल्कलीने काळी पडतात. लोखंडी तव्याचं मुरलेलं तेल निघून जातं आणि तो गंजतो. पितळ-तांबं, कल्हईची पातेली, चांदीची वाटी, पोळपाट-लाटणं, रवी ही हातानेच धुवावीत. स्टील, काच आणि चिनी मातीची रोजची भांडी यंत्राची. यंत्रात घालण्याआधी खरकटं झटकून टाका. भांडी नळाखाली विसळून घालायची गरज नाही. आधी विसळली तर पाणी दुप्पट गेलं आणि ज्या विकरांचे पैसे दिले त्यांना काम उरलं नाही.

सांडपाणी परसात सोडू नका

आपल्याकडे मोरीचं पाणी अळूला, केळीला, शेवग्याला सोडायची चांगली सवय आहे. डिशवॉशरच्या पाण्याला मात्र ही सवय लावू नका. त्यात सोडा आणि मीठ दोन्ही असतं, म्हणजे सोडियम. राहुरी, श्रीरामपूर, राहाता, कोपरगावच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला चोपण जमीन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सोडियम वाढलं की काळी माती चिकट होते, पाणी मुरत नाही, पीक पिवळं पडतं. अळूच्या वाफ्यात रोज हे पाणी गेलं तर तिथेही हळूहळू तेच होणार. परसाला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी द्या, यंत्राचं पाणी गटारालाच जाऊ द्या.

साठवण आणि काळजी

किलोला स्वस्त पडते म्हणून दोघांच्या घराने पाच किलोचं पाकीट आणू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पावडर गोळा होते, विकरांचा आणि विरंजकाचा जोर उतरतो. तीन-चार महिन्यांत संपेल एवढीच घ्या. पाकीट तसंच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावडर साखर-मिठासारख्या दिसणाऱ्या डब्यात मोकळी ओतू नका. ती तीव्र अल्कली आहे. सुट्टीत नातवंडं आली की ती आणि रंगीत टॅब्लेट वरच्या फळीवर, कडीकुलपात. कोणी चुकून तोंडात घातलीच तर तोंड पाण्याने धुवा, उलटी करवू नका आणि पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

तीन आठवड्यांची परीक्षा

याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं: किती पाऊस पडला, किती पाणी आहे, त्यात काय पेरायचं. आधी मोजायचं आणि मग ठरवायचं, ही शिस्त स्वयंपाकघरातही तितकीच उपयोगी आहे.

नवीन पावडरीचं लहानात लहान पाकीट आणा. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात पुन्हा २०, पण रिन्स एडचा आकडा एकाने बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक वेळी तीन भांडी बघा: काचेचा पेला उजेडात धरून, आमटीच्या पातेल्याचा तळ बोटाने चाचपून, आणि चहाच्या कपाची आतली कड. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो, तिथेच फेरीची एक रेघ मारा आणि मीठ भरलं त्या तारखेला गोल करा. तीन आठवड्यांनी तुमच्या पाण्याला किती ग्रॅम पुरतात आणि फेरी किती रुपयांना पडते, हे दोन्ही तुम्हाला त्याच पानावर मिळेल. मग पुढचं पाकीट घेताना कोणाला विचारायची गरज उरणार नाही.